दिवस मावळायच्या आत

हातकणंगल्याचे तवनाप्पा शहरात, राजारामपुरीत, मुलाकडे राहायला आले आणि चार दिवसांतच नातवाचं जेवण कुठं मुरतंय ते त्यांना कळलं. पाचवीतला अनेकांत शाळेतून थेट क्लासला जायचा, तिथल्या सुट्टीत समोरच्या दुकानातलं कुरकुरीत पाकीट फस्त करायचा आणि घरी ताटावर बसला की भाकरी नुसती चिवडायचा. बँकेतून दमून येणाऱ्या सुनेनं, आदितीनं, तर हातच टेकले होते.

उपदेशानं कुणाचं पोट भरत नाही, हे तवनाप्पांना पक्कं ठाऊक. ते जुन्या वळणाचे जैन शेतकरी. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही आणि भुकेपेक्षा एक घास कमीच खायचा, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी नातवाला सांगून टाकलं, "उद्यापासनं तुझ्या क्लासच्या पायरीवर डबा घिऊन बसणार मी. आलास तर दोघं जेवू. न्हाय आलास, तर मी बी उपाशी."

दुसऱ्या दिवशी पटका बांधून म्हातारा पायरीवर हजर. डब्यात ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. सुट्टी झाली. "आन्या, तुझा अज्जा डबा घिऊन आलाय की रं!" कुणीतरी ओरडलं, पोरं खिदळली आणि अनेकांत मान खाली घालून दुकानाकडं पळाला. दिवस मावळला. तवनाप्पांनी डबा तसाच बांधला आणि घरी जाऊन कोरड्या तोंडानं आडवे झाले. भुकेचं काही नव्हतं, पण पोराला आपली लाज वाटली हे मात्र लागलं. अनेकांत दारात उभा राहून बघत होता. अज्जा खरंच जेवणार नाही, असं त्याला वाटलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी क्लासमध्ये चाचणी होती, त्यामुळं सुट्टीच नाही. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं. तवनाप्पा डब्याला फडकं बांधायला लागले, तोच खिडकीतून ओळखीचा आवाज आला.

"सर, माझा अज्जा भाईर बसलाय. दिवस मावळला की त्याला जेवता येत न्हाय. काल माझ्यामुळं उपाशी झोपला. मला सोडा की!"

वर्गात हशा पिकला. अनेकांतनं तेच पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. मग हसायचं थांबलं आणि सरांचा आवाज आला, "जा, जेवून ये. पेपर नंतर पुरा कर."

नातू धावत येऊन मांडी घालून बसला. काल हसलेली पोरं खिडकीत गोळा झाली होती. त्यांच्यादेखत त्यानं भाकरी मोडली, उसळीत बुडवली आणि पहिला घास अज्जाच्या तोंडात घातला. मग स्वतः दीड भाकरी हाणली.

"अज्जा, उद्या जादा भाकरी आण. खिडकीतल्यास्नी बी पायजे."

जाता-येता लोक बघत होते, तर तवनाप्पांनी चालत्या वाटसरूला थांबवून सांगितलं, "पावणं, नातू हाय माझा!" आणि जन्मभर एक घास कमी खाणाऱ्या त्या माणसानं, ऊन जायच्या आत, एक घास जास्त खाल्ला.