चक्री तिच्यासमोर थांबत नाही

मी एक जुनी चक्री आहे. एका हॉटेलातल्या मोठ्या गोल टेबलाच्या मधोमध मी बसवलेली होते. पदार्थ माझ्यावर ठेवायचे, मला हाताने ढकलायचं, की जेवण एकाच्या पुढ्यातून दुसऱ्याच्या पुढ्यात जातं. एवढंच माझं काम.

मित्रांनो, पुढचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. माझी कहाणी ऐका, तुम्हाला माझी दया येईल, वगैरे. मला दया नको आहे. मी रागावलेली आहे आणि राग ओसरायच्या आत सगळं सांगून टाकणार आहे. मित्रांनो म्हणते खरी, पण तुम्ही टेबलावर कसे वागता ते बघितल्याशिवाय मैत्री पक्की समजू नका.

आणखी एक. मी गोल आहे. कुणी ढकललं की निघायचं, जोर संपेल तिथे थांबायचं. गोष्टही तशीच सांगेन. ज्याच्यासमोर थांबेन, त्याच्याविषयी बोलेन.

सुतारासमोर

जाड फळ्या जोडून, गोल कापून, घासून घासून सुताराने मला गुळगुळीत केलं. खाली लोखंडी कडं बसवलं, त्यात छर्रे भरले. मग एका बोटाने ढकललं. मी कितीतरी वेळ फिरत राहिले. सुतार खूश झाला, पण लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली.

"शेठ, खाली एक खटका लावू का? दाबला की थांबेल. एखाद्याला नीट वाढून घ्यायचं असतं."

मालक म्हणाला, "थांबवायचं कशाला? फिरू दे. थांबली की लोक निवांत बसतात. बाहेर जागेसाठी गिऱ्हाइकं उभी असतात माझी."

सुताराने खटका पिशवीत परत टाकला. हे लक्षात ठेवा. पुढे कुणीतरी म्हणणार आहे की सगळा दोष चक्रीचा.

सगळ्यांसमोर

हॉटेलात दोन स्वयंपाकघरं. डावीकडचं भारतीय, उजवीकडचं चिनी. डावीकडून डाळ, रोट्या, पनीर. उजवीकडून सूप, नूडल्स, परतलेला भात. दोन्हीकडचे आचारी एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण त्यांच्या पदार्थांची भेट माझ्यावर व्हायची.

माझं कौतुकही झालं. कौतुक म्हणजे एकच वाक्य. "अरे वा, फिरते." पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस हे म्हणतो आणि दोनदा फिरवून बघतो. लहान मुलांनी माझ्यावर गाड्या चालवल्या. एका गृहस्थांनी मला पेपर वाचायला वापरलं आणि वाचून झालेलं पान फिरवून बायकोकडे पाठवलं. मला नीट पुसायचे ते फक्त मामा. मामा म्हणजे तिथले सगळ्यांत जुने वेटर. आधी ओलं फडकं, मग कोरडं, आणि छर्‍यांना तेलाचं बोट.

मग दर रविवारी दुपारी एक कुटुंब येऊ लागलं: एक बाई, तिचा नवरा, दीर, सासूबाई आणि मुलगी. आता मी ढकलली जाते. बघा कुठे थांबते.

दिरासमोर

पहिल्यांदा नेहमी इथेच. टेबल कोपऱ्यात होतं आणि मामांना वाटी ठेवायला मोकळी जागा फक्त या माणसाच्या खांद्यामागे होती. म्हणून प्रत्येक गरम पदार्थ आधी त्याच्या पुढ्यात उतरायचा.

तो स्वतःला खवय्या म्हणवतो. सूप तोंडात जायच्या आधीच त्याचं मत तयार असतं. "बरं आहे. पण परवा मी जिथे गेलो होतो ना, तिथलं सूप म्हणजे सूप." मोबाईल तो माझ्या काठावर, व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि पदार्थांचं चित्रण करायचा. सूप निवायचं, पण मोबाईलमध्ये ते गरम दिसायचं.

नियमही त्याचाच.

"वहिनी, चक्री नेहमी उजवीकडेच फिरवायची. डावीकडे नाही. तिकडे सगळीकडे हीच पद्धत आहे."

"तिकडे म्हणजे कुठे, काका?" पुतणीने विचारलं.

"तिकडे," काका म्हणाला.

आणि सगळ्यांनी मान डोलावली. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला दोन्ही बाजू सारख्याच. मला उजवीकडे फिरवा, डावीकडे फिरवा, माझे छर्रे कधी तक्रार करत नाहीत. पण त्या दिवसापासून त्या घरात उजवीकडे म्हणजे उजवीकडे.

नवऱ्यासमोर

दिराच्या उजव्या हाताला त्याचा थोरला भाऊ. खुर्ची ओढताना हा दर रविवारी बायकोला एकच वाक्य म्हणतो. "आज तुला सुट्टी."

मग स्वतःला वाढून घेतो. सगळ्यावर लाल सॉस ओततो, डाळीवरसुद्धा. वाईट माणूस नाही. पण सुट्टी दिली म्हटलं की दिली, पुढे ती घेतली गेली की नाही ते बघायची त्याला गरज वाटत नाही.

सासूबाईंसमोर

"मला ते चिनी-बिनी नको गं बाई. माझी आपली डाळ-रोटी." असं म्हणून सासूबाई नूडल्सची वाटी जवळ ओढतात. "बघते, चवीपुरतं." चवीपुरत्यात अर्धी वाटी जाते. तोंड भरलेलं असतानाच सुनेला सांगतात, "अगं, पोरीला वाढ आधी. आणि माझी रोटी जरा मोडून दे, कडक आहे."

मुलीसमोर

हिला ढोबळी मिरची चालत नाही, कोबी चालत नाही, कांद्याची पात दिसली तरी चालत नाही. म्हणून तिची आई चमच्याने एकेक हिरवा तुकडा वेचून आपल्या ताटात काढते. आईच्या ताटात पहिल्यांदा काही पडतं ते हेच.

तिच्यासमोर

थांबले नाही.

पुन्हा दिरासमोर

हो. असंच. मुलीचं वेचून होईपर्यंत दिराला दुसरा घास हवा असतो. तो मला खेचतो. आई बसलेली असते मुलीच्या आणि दिराच्या मधे, त्याच्या डाव्या हाताला. तिचा चमचा हवेत, आणि मी तिच्या नाकासमोरून सरळ पुढे. तिच्या हातात रिकामा चमचा आणि वासाचा झोत.

आता नीट ऐका, कारण मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. दिराच्या पुढ्यात गरम वाटी उतरते, तेव्हा तिच्यापासून ती एक वीत लांब असते. फक्त एक वीत. मला डावीकडे वीतभर सरकवलं, तर ती पहिली. उजवीकडे फिरवलं, तर ती शेवटची. आणि उजवीकडेच फिरवायचं असतं, कारण तिकडे सगळीकडे हीच पद्धत आहे.

खाण्याची खरी आवड कुणाला होती, ते मामांना विचारा. सूप आलं की ती डोळे मिटून वास घ्यायची. "मामा, आज आलं आधी परतलंय ना? नेहमी शेवटी घालता." मामा चकित होऊन आत विचारून यायचे. खरं निघायचं. बाहेर जेवायचं ही कल्पनाही मुळात तिचीच. आठवडाभर घरी तिचाच हात चुलीवर. एक दिवस दुसऱ्या कुणी केलेलं, आयतं, गरम खावं, एवढीच तिची हौस.

सबंध यादीतला एकच पदार्थ ती स्वतः मागायची. "मामा, आमची ती चर्रवाली."

तळलेल्या, कुरकुरीत नूडल्सचं एक घरटं असतं. मामा ते टेबलावर आणतात आणि सगळ्यांसमोर वरून उकळता रस्सा ओततात. चर्र असा आवाज होतो. आवाज चालू आहे तोवर नूडल्स कुरकुरीत. आवाज संपला की लगदा. अगदी थोडा वेळ. चक्रीची एक उजवी फेरी पूर्ण व्हायच्या आत संपणारा वेळ.

म्हणजे दर रविवारी ती आवाज मागवायची आणि लगदा खायची. खाऊन झाल्यावर म्हणायची, "छान होतं." नवरा म्हणायचा, "बघ, तुला सुट्टीची मजा आली ना."

मी फिरायचे. मला खटका नव्हता.

तिच्यासमोर

त्या रविवारी ती सगळ्यांच्या मागून आत आली आणि दाराशी मामांना हळूच म्हणाली, "मामा, आज मला ती आवाज असताना खायचीय. इतके दिवस येतोय, एकदाही नाही खाल्ली तशी."

"तुमच्या बाजूने देऊ का? बघतो, भिंतीकडून हात पुरतोय का."

"राहू द्या. तुम्ही आणा. पुढचं मी बघते."

आजच का, ते तिने सांगितलं नाही. मला विचाराल तर त्याला कारण लागूच नये.

सूप झालं. डाळ आली, सासूबाईंपुढे ठेवली गेली. मग मामा घरटं घेऊन आले. दिराने मोबाईल समोरच्या काठावर, सासूबाईंच्या बाजूला, बाटलीला टेकवला. मामांनी रस्सा ओतला. चर्र.

दिराने स्वतःला वाढून घेण्याआधीच, चित्रण चांगलं यावं म्हणून, मला उजवीकडे ढकललं.

मी हलले नाही.

माझ्या काठावर तिचा पंजा होता. सपाट, घट्ट. मिठाच्या, हळदीच्या, भांडी घासल्याच्या खुणा असलेला हात. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी थांबवलं होतं.

"अडकली वाटतं," दीर म्हणाला आणि त्याने जोर लावला.

"अडकली नाही, भावजी. मी धरलीय."

आणि तिने मला डावीकडे फिरवलं. एक वीत.

बाटलीला टेकवलेला मोबाईल कलंडला, काठावरून घसरला आणि सासूबाईंच्या डाळीत उभाच्या उभा गेला. वरून फक्त त्याची कड दिसत होती.

तिने तिकडे बघितलं नाही. चमचा घरट्यात घातला. कुरकुर तुटली. तोंडात घास गेला तेव्हा आवाज अजून चालू होता. तिने डोळे मिटले.

"वहिनी, उलटी फिरवलीत तुम्ही."

"हो."

"अरे, काढ तो मोबाईल," सासूबाई म्हणाल्या. "माझी डाळ गार होतेय."

दीर दोन बोटांनी मोबाईल काढत राहिला. डाळ त्याच्या बाहीवर गेली. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती. "आई, कसं लागतं?"

"कान दे," आई म्हणाली आणि भरलेला चमचा तिच्या कानाशी नेला. चमच्यात बारीक चर्र चालू होती. मुलीने ती ऐकली आणि तोंड उघडलं. कांद्याची पात होती तरी उघडलं.

मग नवरा बोलला. आवाज चढवला नाही, समजुतीच्या सुरात बोलला, आणि म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

"एवढं काय अडलं होतं गं? मला सांगायचंस. घरी करून खाल्ल्या असत्या."

तिने तोंडातला घास पूर्ण चावून गिळला.

"घरी केल्यावर वाढतं कोण?"

 वाटीतला आवाज संपला होता. तिने वाटी उजवीकडे ढकलली. दिराला लगदा मिळाला. तो म्हणाला, "आज काही जमलं नाही यांना."

मालकासमोर

"तुमची चक्री सैल झालीय," दीर मालकाला सांगत होता. "हात लावला की झटका देते. माझा फोन गेला."

मालकाने मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "चक्रीला काही झालेलं नाही. मीच तेल घालतो तिला."

"गिऱ्हाईक म्हणतंय ना," मालक म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझे स्क्रू निघाले.

आता मी दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या बोळात, एका पिंपावर आडवी आहे. माझ्यावर कोबी चिरतात. गुळगुळीत अंगावर सुरीचे वार पडलेत, छर्‍यांमध्ये पीठ आणि तेल गच्च बसलंय. मी आता फिरत नाही. शेवटी थांबले, तर कुणासमोरच नाही.

बोळाच्या दारातून गोल टेबल दिसतं. ते कुटुंब अजून येतं. मधे चक्री नाही, म्हणून वाटी हातोहात जाते. दीर, मग नवरा, मग सासूबाई, मग मुलगी. उजवीकडून.

बघितलंत? चक्री काढली. पद्धत तशीच राहिली. मग सांगा, सैल कोण झालं होतं?

पुन्हा तिच्यासमोर

आठवड्यातल्या मधल्याच एका वारी, दुपारी, हॉटेल रिकामं असताना ती एकटी आली. बोळाजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसली. पिशवी समोरच्या खुर्चीवर ठेवली. मामांनी काही विचारलं नाही. घरटं आणलं, तिच्या अगदी पुढ्यात ठेवलं आणि रस्सा ओतला. चर्र. ती वाकून ऐकत होती, ऐकता ऐकता खात होती. वाटी रिकामी झाली तेव्हा ताटात काढून ठेवलेला एकही हिरवा तुकडा नव्हता.

जाताना तिने बोळात डोकावून मला बघितलं. कोबीचा चुरा हाताने बाजूला सारला आणि मला बोटाने ढकलून पाहिलं. मी हलले नाही. "जाम झालीय," ती मामांना म्हणाली. मामा म्हणाले, "तेल घालतो."

इथे अशी गोष्ट गोड होते, हे मला माहीत आहे. माझी होत नाही. घरच्या चार माणसांबरोबर बसून गरम घास मिळेना, म्हणून एका बाईला एकटीने, चोरून आल्यासारखं यावं लागलं. तिला फक्त एक वीत हवी होती. ती वीत कुणाचीच नव्हती, कुणाच्या ताटातून काढायची नव्हती. नुसता हात उलट्या बाजूने ढकलायचा होता.

म्हणून मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, माझ्यावर कोबी चिरू नका, असं काहीही मी मागत नाही. मी लाकूड आहे, माझं निभेल. या रविवारी तुम्ही बाहेर जेवायला जाल. मधे चक्री असेल किंवा नसेल. वाटी तुमच्या पुढ्यात येईल. तिच्यातून वाफ येत असेल, आवाज येत असेल. ती पुढे ढकलायच्या आधी हात आवरा. टेबलाभोवती नजर फिरवा. कुणाचा चमचा हवेत आहे ते बघा.

आणि तिकडे फिरवा. आवाज संपायच्या आत.