दुखणं दहापैकी किती?

माझा पोरगा आनंदराज लातुरात फिजिक्सचा क्लास चालवतो. घरात ताप बघायला थर्मामीटर न्हाई, पण पोरांच्या मार्कांचे तक्ते पार स्वयंपाकघरापर्यंत लावलेत. नांदेडहून मला इथं आणून त्यानं माझा उजवा गुडघा बदलून घेतला.

ऑपरेशनला मी नावं ठेवत न्हाई. आता नवी पद्धत हाय. मांडीत अशी सुई देतात की दुखणं झोपतं अन् पाय जागा राहतो. त्याच संध्याकाळी मला वॉकर धरून चालवलं. घरी आल्यावर रोज एकच प्रश्न, दुखणं दहापैकी किती? आनंदराज तो आकडा कागदावर लिहून डॉक्टरांना कळवणार, त्यावर डॉक्टर गोळी ठरवणार. गोळी घेऊन व्यायाम करायचा अन् महिनाभरात गुडघा काटकोनापर्यंत वाकवायचा. न्हाई वाकला तर जन्मभर ताठ.

पण मास्तरला आकडा दिसला की चढाओढच सुचते. दुसऱ्या दिवशी मी सहा म्हणले, तर हा म्हणतो, "आई, उद्या चारवर आणायचं." मेल्या, दुखणं काय चाचणी परीक्षा हाय? मनात म्हणले. तोंडानं मात्र चार सांगितलं. मग तीन. मग दोन. त्यानं ते वर्गात फळ्यावर लिहिलं. पोरं पेढे घेऊन पाया पडायला आली. मीबी दात आवळून पाय पुढं केला, आशीर्वाद दिला. काय ते थेर!

अन् मी कोण? तीस वर्षं सरकारी नर्स. भूकंपात तंबूतल्या दवाखान्यात हाडं मोडलेली माणसं सांभाळली. "न्हाई दुखत, बाई," म्हणणाऱ्याला मी झापायची, खोटं बोललास तर इलाज कशावर करू? ती मी, गोळी कमी झाली म्हणून रात्रभर उशी चावत होते.

फिजिओथेरपीवाली तूबा व्यायाम करून घ्यायला एक दिवसाआड यायची. हिमायतनगरची पोरगी, हात हलका, नजर पक्की. तिसऱ्या आठवड्यात तिनं माप घेतलं. गुडघा निम्म्यावरच अडकला होता. तिनं जरा दाबलं तर मला दरदरून घाम फुटला.

"मावशी, कागदावर दोन लिहिलंय. खरं किती?"

आनंदराज मोबाइल धरून उभा होता, पोरांना दाखवायला. म्हणाला, "सांग आई, आज एक ना?"

"नऊ," मी म्हणले. "गोळी कमी झाल्यापासून नऊ."

मोबाइल खाली आला. "मग मला सांगितलं का न्हाई?"

"तुला नंबर पाहिजे होता, अन् मला तुझं तोंड उतरलेलं बघवत न्हवतं. तू गाढव, अन् मी तुझ्याहून मोठी गाढव."

तूबानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी वाढवली, पण आठवड्यानं बी गुडघा हटेना. डॉक्टर म्हणाले, हे दिवस फुकट गेलेत, आता भूल देऊन गुडघा जोरानं वाकवावा लागेल. एवढं करून पूर्ण वाकेलच असं न्हाई.

दवाखान्याला निघालो. आनंदराज गाडी चालवत होता. एका स्पीडब्रेकरवर गाडी आदळली तशी मी कळवळले. त्यानं विचारलं, "आई, आता किती?"

"आठ."

यावेळी त्यानं उद्याचा आकडा सांगितला न्हाई. पुढचा स्पीडब्रेकर आला तेव्हा मागं हॉर्नवर हॉर्न वाजत होते, तरी त्यानं गाडी जवळजवळ थांबवूनच पार नेली.