जास्वंदीची माय

मधुसूदनभाऊच्या जरीपटक्यातल्या नर्सरीत मी बावीस वर्षं कलमं बांधली. तो माणूस माझ्या मनातून उतरला एका दिवसात.

खाप्याले माझ्या मायच्या अंगणात पांढरी जास्वंद होती. तिच्या न उमललेल्या कळीतले पुंकेसर मी काढले, नर्सरीतल्या लाल जास्वंदीचे पराग ब्रशनं लावले अन् बी धरलं. तीन वर्षांनी नर्सरीतच फूल आलं, शेंदरी, पोटात पांढरं. मायच्या नावानं मी त्याले रुखमा म्हणत होती. मधुसूदनभाऊनं ते प्रदर्शनात ठेवलं, आपल्या पोरीच्या नावानं ‘रोशनी’ केलं, अन् ‘मीच तयार केलं’ म्हणून हार घालून घेतले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कागद कुठं होता माझ्यापाशी?

मंग एक दिवस हाच संत्राबर्फी घेऊन माझ्या दारात. धरमपेठेतल्या फूलसंस्थेत नवी जात नोंदवाची होती, अन् फॉर्मात आईझाड कोणतं, बापझाड कोणतं, ते लिहा लागत होतं. याले काय माहीत! ब्रश कधी हातात धरला नाही त्यानं.

माझी भाची मिनल लॅबमध्ये आहे. तिनं मले सांगितलं होतं, पानातल्या हिरव्या कणांचा, म्हणजे क्लोरोप्लास्टचा, डीएनए जास्वंदीत आईझाडाकडूनच येते, बापाचा त्यात वाटा नाही. म्हणून मी बर्फी खाल्ली अन् सांगितलं, आई तुमची लाल, बाप पांढरी. त्यानं माझ्यासमोरच लिहून सही ठोकली.

पुढच्याच आठवड्यात मी संस्थेत तक्रार दिली: झाड माझं आहे, पांढरी त्याची माय आहे, तिन्हीची पानं तपासा.

अहवाल भरल्या सभेत वाचला. नव्या झाडाचा क्लोरोप्लास्ट खाप्याच्या पांढरीशी जुळला, लालशी नाही. अध्यक्ष कांताबाईनं त्याले शांतपणे विचारलं, स्वतः तयार केलं तर आई कोणती हे कसं चुकलं?

तो माझ्यावर उखडला. “खोटारडी आहे ही! मी विचारलं तेव्हा हिनंच लाल सांगितलं होतं.”

मी उठली.

“झाड तुमचं होतं ना भाऊ? मंग मले काहून विचारलं?”

कांताबाईनं ‘रोशनी’वर काट मारली अन् कोरा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मी रुखमा लिहिलं, सावकाश, त्याले दिसंल असं. लय बरं वाटलं मले. अजूनही वाटते.