श्रोत्यांना दाबणारं यंत्र

काटा शून्यावर.

इन्तिसारने सकाळपासून तिसऱ्यांदा तेच बटण केसभर फिरवलं. आता मात्र हात मागे घेतला, कारण जिन्यात उस्ताद सब्रींचा खोकला ऐकू आला.

सत्तरी ओलांडलेले हे गायक आजवर दोन स्टुडिओंतून उठून गेले होते. दोन्हीकडे एकच वाक्य बोलून: "पुसून टाका." तिसरा स्टुडिओ इन्तिसारचा, शुब्रा वस्तीतला, चौथ्या मजल्यावरचा. अकरा दिवस खपून तिने तयार केलेलं गाणं ते आज पहिल्यांदा ऐकणार होते. आवडलं नाही तर पुसायचं, असा शब्द तिने देऊन ठेवला होता. शब्द देताना माणूस फारच मोकळ्या मनाचा असतो.

काटा थरथरतो आहे.

(इथे थोडं मागे जाऊ. उस्तादांना जिने चढायला तसाही वेळ लागतो.)

रेकॉर्डिंगच्या दिवशी उस्तादांनी काचेपलीकडची रिकामी खोली पाहिली आणि विचारलं, "भिंतीला गाणं ऐकवू?" मग फोन करून चार माणसं बोलावली. त्यांत पुढारी हाजी मितवल्ली. औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले, आणि चाळीस वर्षं उस्तादांसमोर पहिल्या रांगेत बसून नेमक्या जागी दाद म्हणून "अल्लाह!" म्हणणारे. ही माणसं आली ती भोपळ्याच्या बिया घेऊनच.

गाणं झकास झालं. पण ऐकताना बिया फोडल्याचा कडकडाट गाण्याच्या वर! श्रोत्यांचा माइक बंद केला, तर उस्ताद कपाटात बसून गाताहेत असं वाटायचं.

तेव्हा इन्तिसारने कॉम्प्रेसर काढला. फ्रिजमधला नव्हे, आवाज दाबणारा. जुना, जड, काट्याची तबकडी असलेला आणि इतका तापणारा की त्यावर चहा गरम राहतो. सगळे तो गायकाच्या गळ्याला लावतात. तिने तो श्रोत्यांच्या माइकला लावला आणि त्याची दोरी उस्तादांच्या आवाजाच्या हाती दिली. उस्ताद गायला लागले की खोली दबणार. ते थांबले की खोली हळूहळू डोकं वर काढणार.

ते 'हळूहळू' जमायलाच नऊ दिवस गेले. दाबाची सोड घाईची झाली, तर खोली कोंबड्यांसारखी उसळायची. सोड आळशी झाली, तर मितवल्लींचं "अल्लाह" इतकं उशिरा यायचं, जणू घरी जाऊन विचार करून आलेत.

काटा स्थिर. उस्ताद पोचले.

सोबत मितवल्ली होतेच.

"हीच का ती इस्त्री?" उस्तादांनी यंत्राकडे काठी रोखली. "पोरी, मी काय शर्ट आहे?"

"काका, तुमच्या आवाजाला मी बोटही लावलं नाही. दाबलंय ते हाजींना."

"मला?" मितवल्ली म्हणाले.

उस्तादांचा चेहरा खुलला. "चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते तू केलंस? लाव, लाव!"

तिने लावलं.

आवाज. खोली खाली.
थांबले. खोली वर. एक उसासा, चमच्याची किणकिण.
आवाज. खोली खाली.
थांबले. "अल्लाह!"

उस्तादांची मान डोलू लागली. इन्तिसारने श्वास सोडला.

आवाज. खोली खाली.
थांबले. खोली वर. आणि वर. सकाळी फिरवलेल्या त्या केसाएवढी आणखी वर. मितवल्लींनी शेजाऱ्याच्या कानात केलेली कुजबुज, आता बाजारात ओरडल्यासारखी: "बघ हं, वरचा सूर टाळणार. दहा वर्षं टाळतोय."

मग उस्तादांचा आवाज. खालच्या सुरात.

तिने गाणं थांबवलं.

"दहा?" उस्ताद म्हणाले.

"नऊही असतील," मितवल्ली पुटपुटले.

"काका, तेवढा तुकडा कापते. एका मिनिटाचं काम."

"हो, काप, काप!" हे मितवल्ली.

"थांब. पुढे लाव."

पुढे तो खालचा सूर होता. वर जायचं सोडून ते तिथेच रेंगाळले होते, हळूच, उंबऱ्यावर बसलेल्या माणसासारखे. मग थांबले. खोली वर आली. बिया नाहीत, चमचा नाही. नुसता एक लांब उसासा आणि अगदी बारीक, जवळजवळ ओशाळलेलं "अल्लाह."

"हे कोण?" उस्तादांनी विचारलं.

मितवल्ली खिडकीकडे बघत होते. "मीच. दुसरं कोण असणार?"

"हे पहिल्यासारखं नाही."

"पहिली सवयीची असतात रे. हे आपोआप निघालं."

उस्तादांनी तेवढाच भाग चार वेळा ऐकला. चौथ्यांदा डोळे मिटून. इन्तिसारच्या मनात ते दोन शब्द घिरट्या घालत होते: पुसून टाका.

"ठेव," ते म्हणाले.

"कुजबुजीसकट?"

"तिच्यासकटच. मी टाळलं ते लोकांना कळू दे. टाळून काय केलं तेही कळेल."

"अरे, माझी बायको ऐकेल!" मितवल्ली कळवळले. "तिला मी सांगून ठेवलंय, तुझ्या गाण्यात आजवर एक खोट सापडली नाही!"

"मग तर ठेवच. पोरी, लिही: गायन, सब्री. शंका, हाजी मितवल्ली."

इन्तिसार हसू दाबत लिहू लागली.

"निदान ते शेवटचं 'अल्लाह' तरी थोडं मोठं कर," मितवल्ली तिच्या कानाशी येऊन म्हणाले.

"ऐकू आलं," उस्ताद म्हणाले. "हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर म्हणालाय."