चाळीस मेगावॉट

नणंदेने आरेखन करायचं आणि भावजयीने भट्टीत सुटे भाग जोडायचे, अशी वाटणी प्रयोगशाळेने केली तेव्हा एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा असलेल्या दादाने कपाळावर हात मारून घेतला. एकाच घरातल्या दोघी आणि एकच क्लायस्ट्रॉन!

क्लायस्ट्रॉन म्हणजे तांब्याची, माणसाएवढी, आतून निर्वात नळी. एका टोकाला सूक्ष्मलहरींचा इवलासा संकेत द्यायचा. दुसऱ्या टोकाने तो दोन लाख पट होऊन निघतो आणि त्वरक नावाच्या महायंत्रातल्या कणांना पळवतो. निघायला हवा, एवढंच. पण हवे होते चाळीस मेगावॉट, आणि तीस आले की लहरी बाहेर सोडणारी पांढरी सिरॅमिकची खिडकी तडकायची. अशा चार नळ्या गेल्या.

"तुझा जोड कच्चा," नणंद म्हणायची.

"वन्सं, तुमचं गणित कच्चं," वहिनी म्हणायची.

जेवताना दादा मीठ मागायलाही घाबरायचा.

एके दिवशी वहिनीने चारही फुटक्या खिडक्या टेबलावर मांडल्या. "बघा, वन्सं, सगळे तडे एकाच कडेला. जोड कच्चा असता तर कुठेही फुटल्या असत्या ना?"

नणंदेने भिंग घेऊन तासभर एकेक तडा तपासला. मग म्हणाली, "त्या कडेवर लहरींचा जोर जास्त पडतोय. चूक माझीच."

वहिनीने ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

खिडकीचा आकार बदलला. पाचवी नळी शिशाच्या भिंतीपलीकडे उभी राहिली, अलीकडे या दोघी. वीस. पंचवीस. तीस! वहिनीने नणंदेचा दंड असा आवळला की ती ओरडली, "सोड गं, बटण दाबू दे!" एकतीस. पस्तीस. चाळीस. आणि आकडा जागचा हलेना!

दोघींनी एकमेकींना धरून गिरक्याच घेतल्या. जन्मात दात न दाखवलेले विभागप्रमुख स्टुलावर चढून टाळ्या पिटू लागले.

नणंदेने फोन लावला. "दादा, चाळीस!"

"अगं बाई! चाळीस सेल्सिअस ताप? कोणाला? औषध दिलंत का?"

"ताप नाही रे, मेगावॉट!" हसता हसता तिला उचकी लागली, ती थांबेचना.

तासाभरानेही चाळीसच. विभागप्रमुख स्टुलावरून उतरले, टाय सारखा केला. "त्वरकाला अशा अजून अठरा लागतील."

"अठराच?" वहिनी म्हणाली.

नणंद पोट धरून हसत जमिनीवरच बसली. वहिनीही शेजारी बसली. किती तरी वेळ कोणी उठलं नाही.