डाळीपुरतं पाणी

"आबा, सोड्याची पुडी कुठं ठिवलीय? वरनात चिमूटभर टाकायचाय."

मोहिनीचा आवाज स्वयंपाकघरातून आला तेव्हा उत्तरेश्वर पुढच्या खोलीत रतनबाईच्या फोटोला हार घालत होता. तिला जाऊन आज वर्ष झालं होतं. लेक तेलगावहून कालच आली होती आणि आल्या आल्या पदर खोचून तिने आईच्या डब्यांचा ताबा घेतला होता.

"सोडा कशाला आता?" तो तिथूनच म्हणाला. "धरणाचं पानी आलंय की आपल्या नळाला. आठ दिस झाले. मीच चावी फिरवली."

"व्हय की. ध्यानातच न्हाई. आई रोज टाकायची, म्हनून हात गेला."

हार नीट बसला नव्हता. उत्तरेश्वरने तो तसाच सोडला.

"रोज टाकायची?"

"मंग? तुमच्या दाढा गेल्यापासून. बोअरच्या पान्यात डाळ शिजती व्हय कधी?"

उत्तरेश्वर एकतीस वर्षं नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर. खांद्यावर लांब लोखंडी चावी, मनगटावर घड्याळ. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि किती वेळाने बंद करायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तालुक्याचं गाव ते, फार मोठं नाही. धरणाचं गोडं पाणी जुन्या वस्तीपुरतं होतं. टाकीपासून लांब पडलेल्या त्याच्या स्वतःच्या गल्लीला मात्र बोअरचं. ते पाणी नुसतं जड. हंड्याच्या आत पांढरा थर धरायचा, नळाचं तोंड दर महिन्याला खिळ्याने कोरावं लागायचं, साबण घासून घासून हात दुखले तरी फेस यायचा नाही. आणि तुरीची डाळ? कुकरच्या आठ-दहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच वाजायची.

शेजारची गीताबाई त्याला तोंडावर म्हणायची, "साऱ्या गावाला गोडं पाजता अन् बायकूला खारं. भले हो!" तो नुसता हसायचा. खरं तर त्याला त्यात मान वाटायचा. दहा मिनिटं जास्त सोड म्हणून नगरसेवकाच्या घरून निरोप आला, तेव्हा निरोप आणणाऱ्यालाच त्याने घड्याळ दाखवलं होतं. हा किस्सा तो कुणी विचारला तरी सांगायचा आणि नाही विचारला तरी सांगायचा.

रतनबाईने उभ्या संसारात त्याच्याकडे पाणी एकदाच मागितलं. किडनीचं दुखणं निघालं, तेव्हाची गोष्ट. बीडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मीठ कमी, पापड-लोणचं बंद, खाण्याच्या सोड्याला तर हातच लावायचा नाही. उत्तरेश्वर नियमाचा पक्का. घरी आल्या आल्या त्याने लोणच्याची बरणी गीताबाईच्या दारात नेऊन ठेवली, पापडाचा डबा रिकामा केला आणि मिठाचा डबा तिचा हात पोचणार नाही अशा फळीवर चढवला. त्याच्या दाढा गेल्यापासून डाळीत पडणाऱ्या सोड्याचं तेवढं तोंडाने सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

चार दिवस बिनसोड्याची डाळ त्याच्या ताटात तशीच उरली. पाचव्या दिवशी तो कामावर निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली.

"अहो, टाकीवरून येताना एक घागर गोडं पानी आनता का? डाळीपुरतं."

"टाकी काय माझ्या बापाची हाय? आज घागर न्हेली की उद्या लोक टँकर न्हेतील. साऱ्या गल्लीला जे पानी, ते आपल्याला."

"बरं," ती याही वेळी म्हणाली.

प्यायला जारचं पाणी यायचं, पण ते डाळीत ओतायला तिचा हात धजला नसता. प्यायचं पाणी शिजवायला घालणं तिच्या हिशेबी माजच होता. त्या दिवशी जेवायला बसल्यावर वरण मऊसूत होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. ताट वाढायच्या आधी पळीतला एक दाणा त्याच्या तळहातावर ठेवून विचारायची तिची जुनी सवय. "बघा बरं, शिजली का?" तो अंगठ्याने दाणा दाबायचा आणि ऐटीत म्हणायचा, "लोनी झालंय लोनी! लोक उगंच आपल्या पान्याला नावं ठिवत्यात."

त्याच दुखण्याने ती जाईपर्यंत, तीन वर्षं तो हे म्हणत होता. जी डाळ या पाण्यात जन्मात शिजली नाही, ती सोड्यावाचून लोणी कशी झाली, हे एकदाही त्याच्या मनात आलं नाही. पाण्याचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि स्वतःच्या ताटात काय आहे याचा पत्ता नाही. उत्तरेश्वरला स्वतःची शिसारी आली.

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

"डाक्टरनी नगं म्हनलं व्हतं, मोहिने."

मोहिनीने डाळीवरचा फेस काढता काढता मान वर केली नाही. "मी बोलले व्हते तिला एकदा. म्हनली, दोन मानसांला दोन पातेली कावून चढवू? त्येंला कच्ची डाळ गिळवत न्हाई. चिमटीभर सोड्यानं काय मरत न्हाई मी."

बोलून गेल्यावर तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. गॅस कमी करायचं निमित्त करून ती पाठमोरी झाली.

"मला सांगायचं की गं."

"शपथ घातलती तिनं. तुमी डाळच सोडली असती. दुसरं काय चावतं तुमाला?"

त्याने दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "एक घागर मागितली व्हती तिनं. गोड्या पान्याची. मी न्हाई म्हनलो."

"माहीत हाय मला."

"तुला सांगितलं तिनं?"

"सांगितलं. मला लई राग आलता तुमचा. तर माझ्यावरच डाफरली. म्हनली, त्येंचं बरोबर हाय. त्येंच्या तोंडाकडं बघून सारी गल्ली गप ऱ्हाती, आपुन घागर आनली तर त्येंनी तोंड कुठं दाखवायचं?"

उत्तरेश्वरला वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडली असती, माहेरी निघून गेली असती, गीताबाईजवळ गाऱ्हाणं केलं असतं तरी चाललं असतं. ती त्याची बाजू घेऊन मेली, आणि आता त्याला भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. तो खाली बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडला. मोहिनीने त्याला रडू दिलं.

डाळीचा वास घरभर पसरला तेव्हा तिने झाकण काढलं. साध्या पातेल्यात, सोड्याशिवाय, डाळ फुटून एकजीव झाली होती. मोहिनी पळी घेऊन वळली. आईच्या हाताखाली शिकलेली लेक ती. तिने पळीतला एक दाणा उचलून बापाच्या तळहातावर ठेवला.

"बघा बरं, आबा."

त्याने अंगठा टेकवला, तो दाणा उरलाच नाही. तळहातावर नुसता पिवळा डाग राहिला.

तो उठला. मोरीजवळ रतनबाईची पितळी घागर वर्षभर पालथी पडून होती. ती त्याने अंगणातल्या नळाखाली लावली आणि काठोकाठ भरू दिली. मग दोन्ही हातांनी उचलून, सांडू न देता, तिच्या फोटोसमोर आणून ठेवली.

"डाळीपुरतं," तो म्हणाला.

पाणी स्वच्छ होतं. त्यातून घागरीच्या आत धरलेला जुना पांढरा थर तळापर्यंत दिसत होता.