डावं चाक वरच्या गल्लीचं, उजवं खालच्या

मित्रांनो, मी होडी वाहणारी एक जुनी ट्रॉली आहे. होडी पाण्यात मिरवते, तिचे फोटो निघतात. तिला पाण्यापर्यंत नेते मी, पण माझा फोटो कुणी काढत नाही. त्याचं मला काही नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि तो आज मी बोलून टाकणार आहे. लोखंडाची आहे, गोड बोलायला मला येत नाही.

कागलच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जिनेंद्र नावाच्या कारागिराने मला वेल्डिंग करून जोडलं. होडी, इंजिन, पेट्रोलचे कॅन, दोरखंड असं सगळं माझ्यावर ठेवून त्याने मला वजनकाट्यावर चढवलं. टायरवर जो मोठा आकडा छापलेला असतो, तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो. रोज किती हवा भरायची ते अंगावरच्या वजनावर ठरतं. जिनेंद्रने ते ठरवलं आणि माझ्या दोन्ही मडगार्डवर पिवळ्या रंगात लिहिलं : 'हवा ४० पाउंड. दोन्ही चाकं सारखी. चाक गार असताना भरा.' मला न्यायला आलेल्या गावकऱ्यांना त्याने ते वाचूनही दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला काय जातंय!

माझं गाव हातकणंगले तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. नदी फुगली की सरळ गल्लीत शिरते. म्हणून गावाने वर्गणी काढून होडी आणली. इथवर शहाणपणाचं होतं. पण गावात वरची गल्ली आणि खालची गल्ली असे दोन गट. गणपती दोन, कबड्डीचे संघ दोन, वाढदिवसाचे फलकसुद्धा दोन. होडी मात्र एक. मग ती कुणाची?

बैठक बसली. वरच्या गल्लीचा पुढारी आकाराम, खालच्या गल्लीचे धनपाल अण्णा. दोघांनी घसा फुटेस्तोवर वाद घातला आणि शेवटी तोडगा निघाला. होडी सगळ्यांची, पण ट्रॉलीचं डावं चाक वरच्या गल्लीचं आणि उजवं खालच्या. ज्याने त्याने आपलं चाक सांभाळायचं. दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही. टाळ्या वाजल्या! माणसांची डोकी फिरतात हे मी ऐकून होते, त्या दिवशी पाहिलं.

लगेच माझी मडगार्ड रंगली. डावं लाल, उजवं पांढरं, वर आपापल्या मंडळाचं नाव. जिनेंद्रची पिवळी अक्षरं खाली गाडली गेली.

मग हवेचा खेळ सुरू झाला. आकारामचा जन्म उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेलेला. तो म्हणायचा, "ट्रॉली म्हंजी ट्रॉली. चाक दगडागत टाईट पायजे." त्याने डाव्या चाकात साठ पाउंड हवा ठासली. अरे बाबा, माझ्यावर ऊस नाही, होडी आहे! धनपाल अण्णांचं उलटं. "फायबरची होडी हाय. दणकं बसून तडकली म्हंजे? चाक मऊच ऱ्हाऊ दे." उजव्यात जेमतेम पंचवीस.

डावं चाक खड्ड्यावरून चेंडूसारखं उडायचं. उजवं रस्त्यावर फतकल मारायचं, कडेने झिजायचं आणि तव्यासारखं तापायचं. मी सरळ चालायचं म्हटलं तरी उजवीकडे ओढली जायची. यावर लोक काय म्हणाले माहीत आहे? "कागलवाल्यानं फशिवलं. ट्रॉलीच वाकडी हाय!"

खंडेनवमीला दोन्ही चाकांना हार पडायचे. कुणाचा हार मोठा यावर वाद व्हायचा. गेज लावून हवा बघायचं एकालाही सुचलं नाही.

मग महापूर आला.

आकारामची आई चिमणाबाई मळ्यातल्या घरात राहायची. गंगी नावाच्या म्हशीला सोडून ती गावात यायला तयार नव्हती. त्या सकाळी तिने सुनेला, संयोगिताला, फोन केला.

"पोरी, पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलंय. गंगीचं दावं सोडू का नगं?"

फोन तिथंच तुटला.

आकारामने ट्रॅक्टर काढला. मला जोडलं, होडी आवळली. दोन्ही गल्ल्यांतले गडी पाठीमागच्या जीपमध्ये चढले. तेवढ्यात संयोगिता ओरडली, "अवो, उजवं चाक बसलंय की!"

आकारामने वळूनही पाहिलं नाही. "ते त्यांच्या गल्लीचं हाय. आमी हात लावायचा न्हाई."

मित्रांनो, आई पाण्यात होती आणि तरी त्याच्या तोंडून हेच निघालं. खालच्या गल्लीतलंही कुणी पुढं झालं नाही. "आता हवा बघाय येळ हाय व्हय?" असं म्हणून धनपाल अण्णाही जीपमध्ये बसले. पाठोपाठ संयोगिताही चढली.

आकाराम ट्रॅक्टर पळवत होता. मळ्याच्या वळणाअलीकडे खड्डा आला. डावं चाक टणकन उडालं आणि सगळा भार उजव्यावर आदळला. ते आधीच तापलेलं. त्याची बाजू फाटली. मी चिखलात एका अंगावर कलंडले. होडी दोरांनी धरून राहिली, नाहीतर तीही गेली असती.

"तुमचं चाक फुटलं!" आकाराम ट्रॅक्टरवरून उडी मारत ओरडला.

"तुमचं उडालं म्हणून आमचं फुटलं, आकारामा!"

"अण्णा, सायकलीत तरी हवा भरताय का कधी?"

"आन् तू काय, चाकात कारखान्याचा ऊस भरतोस व्हय रं?"

दोघंही खरं बोलत होते. आणि तिकडे पाणी चढत होतं.

शेवटी संयोगिता दोघांच्या मधे घुसली. "आत्ती तिकडं पाण्यात हाईत आणि तुमी फुटक्या चाकाची सोयरीक काढताय? लाज वाटू द्या! उचला होडी!"

मग उचलली. दोन्ही गल्ल्यांनी एकाच होडीला खांदा दिला, इंजिन दोघा गड्यांनी वेगळं घेतलं आणि ते चिखल तुडवत पाण्याकडे गेले. मी तिथंच पडून राहिले. जिथं मी चुटकीसरशी पोचले असते, तिथं ते घसरत, धापा टाकत पोचले.

परतले तेव्हा चिमणाबाई त्यांच्याबरोबर होती. अंगाभोवती घोंगडं, हातात रिकामं दावं. ती माझ्यापाशी थांबली. "एवढा उशीर का रं झाला?"

आकाराम फाटक्या टायरापाशी वाकला. संयोगिताच म्हणाली, "चाक फुटलं, आत्ती. एकात हवा ह्यांनी भरलेली, एकात त्यांनी."

म्हातारीने आकारामकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "म्हंजी म्हशीची दोन सडं तुमी पिळायची, दोन त्यांनी. वैरण कुणी घालायची? मगाशीपतोर हुबी हुती गंगी. मी तिला म्हणत हुते, थांब, आकाराम होडी घिऊन यायलाय."

मग तिने ते दावं माझ्या दांडीला बांधलं आणि कुणाकडेही न बघता चालू लागली.

पूर ओसरला. गावाने सत्कार केला, होडीचा. मला दोन नवे टायर आले, अर्थातच दोन गल्ल्यांकडून एकेक. पुन्हा लाल आणि पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन गडी आले. पण संयोगिता आधीच येऊन बसली होती. उलथन्याने खरवडून खरवडून तिने जिनेंद्रची पिवळी अक्षरं उघडी केली होती. गड्यांनी तिच्याकडे पाहिलं, दांडीवरच्या दाव्याकडे पाहिलं आणि डबे परत नेले.

म्हणून सांगते मित्रांनो, मला हार घालू नका. पूर आल्यावर हवा बघायला वेळ नसतो, हे अण्णांचं खरंच आहे. म्हणून ती पाऊस लागायच्या आधी बघा. चाकं गार असताना गेज लावा, आणि दोन्ही चाकांना लावा. माझी दोन चाकं एकाच आसावर फिरतात, ती कुणाच्या गल्लीची नाहीत.

आता आकडा स्पष्ट दिसतो. पावसाळा तोंडावर आला आहे. अजून गेज घेऊन कुणी आलेलं नाही, आणि दावं माझ्या दांडीला तसंच आहे.